चिंचेपाशी गाड्या थांबतात

कोपरी, ठाणे
माघ वद्य ९, शके १८०८

चि. श्रीपाद यास अक्काचे आशीर्वाद.

सुमती खुशाल आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचे तू नीट वाचशील.

मंगळवारपासून शाळा सकाळची झाली. ऊन वाढले की दरवर्षी होते. यंदा मिठाच्या गाड्याही त्याच वेळी सुटू लागल्या आहेत. मिठागरावरून भरलेल्या गाड्या स्टेशनाच्या मालधक्क्यावर जातात. जी आधी पोहोचेल ती आधी रिकामी होते, मागून आलेल्याला दुपारपर्यंत उन्हात तिष्ठावे लागते. म्हणून चिंचेचे वळण आले की गाडीवान शर्यत लावतात. तिथून रेल्वेच्या फाटकापर्यंतची वाट तुला आठवत असेल. दोन्ही अंगांना साबरीचे कुंपण आणि मध्ये जेमतेम दीड गाडीची जागा. कोपरीच्या अकरा मुली त्याच वाटेने फाटक ओलांडून गावातल्या शाळेत जातात. दुसरी वाट नाही.

काल दोन गाड्या एकीमागे एक धावत आल्या. मुली साबरीत शिरल्या. शिंप्याची ठकी सर्वांत लहान, तिला शिरता आले नाही. तिचे पाऊल चाकाखाली आले. दोन बोटे गेली, पण पाऊल वाचेल असे डॉक्टर म्हणतात.

सुमतीच्या हातातून मी सतरा काटे काढले. रडली नाही. काटे काढत असताना म्हणाली, "आत्या, ठकीची पाटी तिथेच राहिली. कोणीतरी आणायला पाहिजे." संध्याकाळी मी जाऊन आणली. फुटली नव्हती.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे म्हणून लिहिले. वहिनी गेल्यापासून तू मुलगी माझ्या ओटीत घातली आहेस. तिला काही झाले तर मी तुला काय सांगणार, हे मला समजते. तरी शाळा सोडवायची घाई करू नकोस. मी बघते काय करता येते ते.

आवडा


कल्याण
माघ वद्य १३

ती. अक्काच्या चरणी श्रीपादचा नमस्कार.

पत्र कचेरीत मिळाले. वाचता वाचता हाताचा धक्का लागून दौत सांडली, साहेबांपुढे ठेवायचा कागद खराब झाला. ते असो.

सुमतीला घराबाहेर पाठवू नकोस. मला एकच मूल आहे, अक्का. तिच्या आईने जाताना माझा हात धरून दुसरे काही मागितले नव्हते.

तुला वाईट वाटेल, पण खरे ते लिहितो. काकांनी भिवंडीचे एक स्थळ सुचवले आहे. मुलगा इंग्रजी शिकतो, घर खाऊनपिऊन बरे. मुलगी नऊ वर्षांची झाली, आता कशाला थांबायचे, असे काका म्हणतात. मी इतके दिवस सांगत आलो की ती शाळेत जाते, आणखी काही वर्षे जाऊ द्या. शाळाच नसेल तर काय सांगू?

पाडव्यापर्यंत वाट पाहतो. तोवर रस्त्याचा बंदोबस्त झाला तर ठीक, नाहीतर मी येऊन तिला घेऊन जाईन. सोबत अर्जाचा मसुदा पाठवतो. तो दिरांकडून नीट उतरवून कचेरीत द्यावा. सरकारदरबारी कागदाशिवाय काही हलत नाही.

श्रीपाद


कोपरी
फाल्गुन शुद्ध ५

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

तुझा मसुदा सुरेख होता. मात्र त्यात 'कृपावंत' आणि 'सेवेशी' इतके होते की गाड्यांपर्यंत यायला दुसरे पान उलटावे लागले. मी आपला पाच ओळींचा लिहिला. दिरांनी दोन्ही नेऊन दिले. तो रस्ता नेमका कोणाचा हे आधी ठरले पाहिजे, मग पाहू, असे कळले. ते ठरायला पावसाळा उजाडेल म्हणतात.

मुली घरी बसल्या. सुमती भिंतीकडे तोंड करून स्वतःच प्रश्न विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची, आणि चुकले की स्वतःलाच रागवायची. मला माझे दिवस आठवले. मी अक्षरे शिकले ती जात्यापाशी, पिठात बोट फिरवून. कोणाला ठाऊक नव्हते. एकदा ह्यांनी ओटीवरून 'आज चतुर्थी' म्हटले आणि माझ्या तोंडून आतून 'पंचमी' निघून गेले. पंचांग मी सकाळीच पाहिले होते. झाली चोरी उघडी! रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आपले वाचून झालेले वर्तमानपत्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवून कामावर जायचे. त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली. अजून सकाळी एकदा उंबऱ्याकडे नजर जाते.

तर सांगायचे ते असे की, परवापासून मुली पुन्हा शाळेत जाऊ लागल्या आहेत. गाड्या आता चिंचेपाशी थांबतात. मुली फाटकापलीकडे गेल्या की मग निघतात. सोय झाली आहे, काळजी करू नकोस. दुपारी परतीच्या गाड्या रिकाम्या असतात, त्यांना घाई नसते.

जास्त लिहीत नाही. डाळ शिजत आली.

आवडा


कल्याण
फाल्गुन शुद्ध ९

ती. अक्काच्या चरणी नमस्कार.

तुझ्या पत्राने छातीवरचे ओझे उतरले. पाहिलेस ना? तू माझ्या 'कृपावंत'ला हसलीस, पण शेवटी कागदानेच काम केले. वरून 'पावसाळ्यानंतर' म्हणायचे आणि आतून लगेच माणूस नेमायचा, ही कचेरीची रीतच आहे. मी रोज पाहतो.

शिपाई कोण नेमला? नाव काय? माणूस रोज वेळेवर येतो ना? नाहीतर चार दिवस यायचा आणि मग झाडाखाली झोपायचा. पाडव्याला त्याला एक नारळ दे, माझ्याकडून.

काकांना कळवले की रस्त्याचा बंदोबस्त झाला आहे. ते गप्प बसले, पण फार दिवस बसणार नाहीत.

श्रीपाद


कोपरी
फाल्गुन शुद्ध १४

चि. श्रीपाद यास आशीर्वाद.

शिपाई म्हणतोस तर शिपाई. उंची बेताची, वय चाळिशीचे. वेळेवर येतो, झोपत नाही, पगार मागत नाही. नारळ त्याला कोणी देत नाही, तो तूच येशील तेव्हा आण.

ठकी कालपासून शाळेत येते. वळणापर्यंत बापाच्या खांद्यावर, पुढे मुलींच्या हाताला धरून. फाटकाशी गेली की मागे वळून हात हलवते. शिंपी तोवर चिंचेखाली उभा असतो, मग डोळे पुसून दुकानाकडे जातो.

एक गाडी मात्र थांबत नाही. पंधरा दिवसांत नवीनच आली आहे. तिचे काय करायचे ते बघते आहे.

हे पत्र सुमतीच्या हातचे आहे, मी सांगते आणि ती लिहिते. माझ्या उजव्या कोपराला थोडे लागले आहे, पाटावरून उठताना. अक्षर वळणदार आले आहे की नाही ते कळव.

आवडा

बाबा, आत्या पाटावरून उठताना पडली नाही. पण ते लिहायचे नाही म्हणाली, म्हणून मी लिहीत नाही. — सुमती


कल्याण
फाल्गुन वद्य ५

अक्का,

आज नमस्कार वगैरे लिहायलाही हात वळत नाही.

सुमतीची ओळ वाचून मी कोड्यात पडलो होतो. काल उलगडा झाला. गोविंदा नावाचा मिठाचा व्यापारी कचेरीत येतो. पान खात हसत सांगू लागला, "तुमच्या ठाण्याकडे एक नवल आहे, रावसाहेब. एक सोवळी बाई रोज सकाळी मुद्दाम गाडीवानांना आडवी जाते. पहिल्याच खेपेला अपशकुन! गाडीवान शिव्या घालतात, पण तिला काही नाही." मी विचारले, कुठे? म्हणाला, कोपरीत, चिंचेपाशी. आजूबाजूचे कारकून हसले. मला हसावे लागले, अक्का. तुझ्यावर.

रात्रभर विचार केला. दिरांनी तुला काही बोलून घराबाहेर काढले का? की तुझे मन ठिकाणावर नाही? अकरा वर्षे तू एकटी राहिलीस, माझ्या मुलीचे करत राहिलीस, आणि मी महिन्याला एक पत्र टाकून मोकळा झालो. आलवण नेसलेली माझी बहीण रस्त्यात उभी राहून गाडीवानांच्या शिव्या खाते, आणि मी तिला 'शिपायाला नारळ दे' असे लिहितो!

आता पुरे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. दोघींना घेऊन जातो. शाळा नको, भिवंडीला होकार कळवतो. तू सामान बांधून ठेव.

श्रीपाद


कोपरी
फाल्गुन वद्य ९

चि. श्रीपाद यास आशीर्वाद. कोपर बरे आहे, हे पत्र माझ्याच हातचे.

दीर मला काही बोललेले नाहीत. डोके ठिकाणावर आहे. तुझ्यापासून लपवले ही चूक झाली. तू रागावशील म्हणून लपवले, आणि तू रागावलासच. आता सगळे लिहिते.

मुली घरी बसल्याचा पाचवा दिवस होता. सकाळी पाहते तर सुमतीची पाटी खुंटीवर नाही. न सांगता निघाली होती, सोबत आणखी तिघी. मी तशीच धावले. वळणावर पोहोचले तेव्हा मुली वाटेच्या मधोमध, आणि मागून गाड्या. सर्वांत पुढे महिपत, आगऱ्यांच्या पाड्यावरचा. मी काही ठरवले नव्हते. चिंचेखालून उतरले आणि मुलींकडे जायला त्याच्या बैलांसमोरून आडवी गेले. धावताना डोक्यावरचा पदर पडला होता. महिपतने केशवपन केलेले डोके पाहिले आणि कासरा असा खेचला की बैलांची तोंडे आभाळाकडे झाली.

"मेलो! पयल्याच खेपेला!" खाली उतरला, थुंकला, आणि गाडीच्या सावलीत बसला. अशा वेळी घटकाभर बसायचे, पाणी प्यायचे, मगच निघायचे, हे काय तुला सांगायला हवे? त्याची गाडी थांबली म्हणून मागच्या सहाही थांबल्या. वाटेत पुढे जायला जागाच कुठे आहे? चिलमी निघाल्या. तोवर मुली फाटक ओलांडून गेल्या.

मी तिथेच चिंचेला टेकून उभी राहिले. वाईट वाटले का? वाटले. थुंकणे कोणाला आवडते? पण मुली दिसेनाशा झाल्या तेव्हा मनात आले की सात गाड्या थांबल्या. दोन अर्जांनी एक थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेले. तेव्हापासून रोज जाते. अरे, लग्नकार्यात मी माजघरात बसते. कोणी गावाला निघाले की दाराआड होते. कोणाला सांगावे लागत नाही. मागल्या दिवाळीनंतर तू निघालास तेव्हाही मी दाराआडच होते, आणि तू 'अक्का, येतो गं' हे भिंतीकडे पाहून म्हणालास. मी आत गेले याची खात्री झाल्यावर पायरी उतरलास. मी तेव्हा काही म्हटले नाही, आताही रागाने लिहीत नाही. सगळेच तसे करतात. एवढेच म्हणते की जी गोष्ट अकरा वर्षे मला मागे सारते आहे, तिचा अकरा मुलींना उपयोग होत असेल तर मी कशाला लाजू?

शिव्या दोनच दिवस झाल्या. तिसऱ्या दिवशी महिपत हात जोडून म्हणाला, "बाय, तू जरा उशिरा ये गो."

मी म्हटले, "तू हळू हाक, मी उशिरा येते."

"हलू हाकला तर धक्क्यावर मागं रायन ना!"

"सगळेच इथे थांबलात तर मागे कोण राहील?"

त्याने मागच्या गाड्यांकडे पाहिले. चिलीम त्या दिवसापासून अधिक निवांत ओढू लागला.

राहिली न थांबणारी गाडी. ती गॅब्रिएलची, चर्चजवळच्या किरिस्तावांपैकी. पहिल्या दिवशी तोच सर्वांत पुढे होता; मी आडवी गेले तर हसून 'रामराम बाय' म्हणाला आणि कडेने गाडी काढून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तेच. त्यांच्यात अपशकुन मानत नाहीत, त्याला मी काय करणार? तिसऱ्या दिवशी मी अगदी पुढ्यात गेले. जुवाचे टोक कोपराला लागले, मी पडले, आणि मुली पुन्हा साबरीत शिरल्या. कोणाला लागले नाही. पण ठकी इतकी किंचाळली की मला दिवसभर ऐकू येत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो रिकामी गाडी घेऊन परतला तेव्हा मी चिंचेखाली वाट पाहत होते. मी तोंड उघडायच्या आत तोच उतरला, टोपी काढून उभा राहिला.

"लय लागला काय, बाय? मी मुद्दाम नाय केला."

"मग थांबत का नाहीस?"

तो गोंधळला. म्हणाला, "बाय, हे सगले तुमाला बगून थांबतात, थुकतात. तुमी काय वाईट बाई हाव? माजी आई जुलिया, ती पण रांडवच. तिला बगून कोण थुकला तर मी दात पाडीन. म्हणून मी नाय थांबत. तुमाला बरा वाटंल असा वाटला."

श्रीपाद, तो बिचारा माझा मान राखायला थांबत नव्हता! मी तिथे रस्त्यात इतकी हसले की डोळ्यांत पाणी आले, आणि मग ते हसण्याचे राहिले नाही. अकरा वर्षांत माझा एवढा मान कोणी राखला नव्हता, आणि त्यापायी मुली चिरडल्या असत्या.

मी म्हटले, "माझ्यासाठी नको रे थांबू. मुलींसाठी थांब."

"अगो, मग असा सांगायचा ना!" म्हणाला. "मी तुमाला शकुनवाली समजलो. तुमी तं फाटकवाली!"

दुसऱ्या दिवसापासून तोही थांबतो. सर्वांत आधी थांबतो.

आता तू ये. सामान बांधलेले नाही. आधी एकदा सकाळी चिंचेपाशी उभा राहा आणि पाहा. मग भिवंडीला काय लिहायचे ते लिही.

आवडा


कल्याण
चैत्र शुद्ध ७, शके १८०९

ती. अक्काच्या चरणी श्रीपादचा नमस्कार.

काल सुखरूप पोहोचलो. तुझा ताप उतरला असेल. काढा सोडू नकोस.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुमतीला पोहोचवून घरी आलो तेव्हा तू विचारलेस आणि मी 'सगळे ठीक' एवढेच म्हणालो. तू तापात, आणि मला समोर बोलता आले नसते. म्हणून लिहितो.

तू उठू शकत नव्हतीस. मी ठरवले होते की सुमतीला शेवटचे शाळेत नेऊन बाईंना निरोप सांगायचा आणि दुपारच्या गाडीने दोघींना घेऊन निघायचे. पगडी घातली, छत्री घेतली. वळणावर बाकीच्या दहाही मुली थांबल्या होत्या. तुझी वाट पाहत होत्या. मी म्हटले, चला, मी आहे. पण खरे सांगू? मागून घुंगरांचा आवाज आला आणि मीच आधी कुंपणाकडे सरकलो. सात-आठ जोड्या, मिठाने भरलेल्या. तू रोज हे समोरून पाहतेस!

मी रस्त्यात उभा राहिलो, छत्री उंच केली. पुढे महिपत होता. त्याने चिंचेकडे पाहिले, इकडेतिकडे पाहिले आणि मोठ्याने ओरडला, "आज बाई नाय! चला रे!" त्याने बैलांच्या पाठीवर हात मारला.

बैल हलले नाहीत. चिंचेच्या सावलीत आले आणि उभे राहिले. महिपतने शेपटी पिरगाळली, शिवी दिली. एक बैल खाली बसला! महिनाभर रोज तिथेच विसावा घ्यायची सवय लागलेली, त्यांना शकुन काय आणि अपशकुन काय. मागच्या जोड्याही आपापल्या जागी थांबल्या. मागून एक उंच, टोपीवाला गाडीवान हसत सुटला. तोच गॅब्रिएल असणार. "महिपत, तुज्यापरीस तुजे बैल शाने रे! उतर आता, चिलीम काढ."

सगळे हसले. महिपतही हसला आणि उतरला. मुली पुढे निघाल्या. धावत नव्हत्या, अक्का, चालत होत्या. ठकी मध्ये, दोघींच्या हाताला धरून. सुमती सर्वांत शेवटी. फाटकाशी जाऊन तिने मागे वळून पाहिले, मुली मोजल्या आणि मग ओलांडले. तिला हे कोणी शिकवले ते मला विचारावे लागले नाही.

मी छत्री धरून तसाच उभा. महिपत जवळ आला. "रावसाहेब, बाईचे कोण?"

"भाऊ."

"बाई का नाय आली?"

"ताप आहे."

तो गाडीकडे गेला, पोत्यातून मूठभर खडेमीठ काढून माझ्या उपरण्यात बांधले. "बाईची दीठ काडा. कोणाची तरी वाईट नजर लागली आसंल."

ते मीठ मी तुझ्या उशाशी ठेवले आणि कोणी दिले ते सांगितले नाही. आता सांगतो. तुझी दृष्ट काढायला महिपतने मीठ दिले होते!

भिवंडीला आजच पत्र टाकले. मुलगी शाळेत जाते, रस्ता चांगला आहे, तेव्हा तूर्त विचार नाही, असे लिहिले. काका रागावतील. मी सांभाळतो.

आणि निघताना तुला पुढे उभी राहा म्हणालो, तेव्हा तू दोनदा नाही म्हणालीस. तिसऱ्यांदा आलीस, पायरीवर उभी राहिलीस, आणि मी तुझ्या समोरून उतरलो. मागे वळून पाहिले नाही, कारण पाहवले नसते. दिवाळीनंतरच्या त्या दिवसाची मला लाज वाटते. तू लिहिलेस ते बरे केलेस.

गोविंदा कचेरीत आला की त्याला सगळ्यांसमोर सांगणार आहे की ती माझी बहीण.

श्रीपाद


कोपरी
चैत्र शुद्ध ११

चि. श्रीपाद यास अक्काचे आशीर्वाद.

ताप गेला. कालपासून पुन्हा जाते, पण आडवी जात नाही. गरज नाही. चिंचेखाली दगडावर बसते. बैल येतात, थांबतात, गाडीवान चिलमी काढतात, मुली जातात. काल मी उठून फाटकाकडे निघाले, ठकीचे शाळेतले बाक पाहायचे होते. गाड्या निघण्याच्या बेतात होत्या, म्हणून मी सवयीने कडेला झाले. महिपत कासरा धरून म्हणाला, "जा ना बाय, तू आदी जा." मी गेले. आठ गाड्यांच्या पुढून सावकाश चालत गेले. शाळेच्या बाईंनी मला ओटीवर बसवले. मुलींचे वाचन ऐकले. ठकी 'ळ' ठीक म्हणते.

गोविंदाला सांगायचे तर सांग, पण उगाच भांडू नकोस. त्याचे मीठही याच चिंचेपाशी थांबून कल्याणास जाते.

मिठाबद्दल मला ठाऊक होते. खडे एवढे मोठे आणि करकरीत, घरात असले मीठ येत नाही. सुमतीने दृष्ट काढली. तिने माझ्यावरून मीठ ओवाळले तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून तिला वाटले मी झोपले.

आता एक गोष्ट खरी सांगते, कारण मागे लपवले आणि त्याचा त्रास झाला. तू म्हणालास म्हणून मी पायरीवर उभी राहिले. तू समोरून उतरलास, टांग्यात बसलास, वळणापलीकडे गेलास. मी घरात आले आणि जात्यापाशी बसून राहिले. महिनाभर गाडीवानांना आडवी जाताना मला काही वाटले नव्हते. त्यांचे काही वाईट होणार नाही हे मला ठाऊक होते, ती त्यांची समजूत. पण तू माझा भाऊ. मनात आले, आगगाडीला काही झाले तर? कल्याणच्या स्टेशनात पाय घसरला तर? माझे तोंड पाहून निघाला म्हणून? स्वतःला पुष्कळ रागावले. एवढी पुस्तके वाचलीस, म्हटले, आणि महिपतचे बैल तुझ्यापेक्षा शहाणे निघाले. तरी दोन दिवस घास उतरला नाही. सुमतीला सांगितले, तापाची अरुची आहे.

अष्टमीला दुपारी टपालवाला आला. मी आत होते. त्याने हाक मारली आणि पत्र उंबऱ्यावर ठेवून गेला. मी तिथेच उभ्याने फोडले, पहिली ओळ वाचली, 'काल सुखरूप पोहोचलो', आणि उंबऱ्यावरच बसले. बाकीचे पत्र संध्याकाळी वाचले. त्या वेळी ती एकच ओळ पुरे होती.

मग भूक लागली. सुमती शाळेतून आली तेव्हा मी भाकरी खात होते, दुसरी.

पुढच्या खेपेला निघशील तेव्हा मी पुन्हा पायरीवर उभी राहीन. तू समोरूनच उतर. मात्र पोहोचल्याचे पत्र त्याच दिवशी टाक.

आवडा